लेअर मॅश आणि घरची कणी: दहा महिन्यांनंतर

गेल्या गणपतीत तीन महिन्यांच्या नऊ ग्रामप्रिया जातीच्या तलंगा (कोवळ्या कोंबड्या) घरी आणल्या. चार गावठी कोंबड्या आधीपासून होत्याच. आम्ही संगमेश्वर तालुक्यात राहतो. मागच्या परसाला कुंपण आहे, आत शेवगा, फणस आणि पाचोळ्याचा ढीग, त्यामुळे दिवसभर उकरायला भरपूर मिळतं. या दहा महिन्यांत पोत्यातलं लेअर मॅश (अंडी देणाऱ्या कोंबड्यांचं तयार खाद्य), घरची कणी, मक्याचा भरडा, अझोला (पाण्यावर तरंगणारी हिरवी वनस्पती), सुका जवळा हे सगळं वापरून झालं.

आधीच सांगते, लेअर मॅशवर मी खूश आहे. माझं नुकसान मॅशमुळे झालं नाही, त्यात मी जे मिसळलं त्यामुळे झालं.

डिसेंबरात पहिलं अंडं आलं. जानेवारीत नऊ तलंगांची रोज सहा-सात अंडी मिळत होती. फेब्रुवारीत वाटलं, घरात भाताची कणी पडून आहे, निम्मी मिसळली तर पोतं दुप्पट दिवस पुरेल. सासूबाईही म्हणाल्या, "अगं, आमच्या कोंबड्या कणी-कोंड्यावरच वाढल्या. कधी पोतं आणलं होतं का?" मलाही ते पटलं. तीन आठवड्यांत अंडी तीन-चारवर आली. मग कवचं इतकी पातळ झाली की उचलताना बोट आत जायचं. एक दिवस खुराड्यात कवच नसलेलं, नुसत्या पापुद्र्यातलं मऊ अंडं सापडलं, तेव्हा मात्र घाबरले.

हिशेब नंतर मांडला, तो आधी मांडायला हवा होता. लेअर मॅशमध्ये साधारण 16 ते 18 टक्के प्रथिनं आणि 3.5 टक्क्यांच्या आसपास कॅल्शियम असतं. कणीत प्रथिनं 8 टक्क्यांच्या आसपास, आणि कॅल्शियम जवळपास नाहीच. निम्मं-निम्मं केलं की प्रथिनं साडेबारावर आणि कॅल्शियम दोनच्याही खाली. एका अंड्याच्या कवचात सुमारे 2 ग्रॅम कॅल्शियम लागतं आणि पोटात गेलेल्यातलं निम्मंच अंगी लागतं. बाकीचं कोंबडी स्वतःच्या हाडांतून काढते. आपण कणी वाचवत असतो आणि ती हाडं झिजवत असते, हे कळल्यावर मला फार वाईट वाटलं.

सासूबाईंचं म्हणणंही खोटं नव्हतं. गावठी कोंबडी वर्षाला 60-70 अंडी देते, मध्ये खुडूक बसते, महिना-महिना विसावा घेते. तेवढ्याला किडे, गवत आणि मूठभर कणी पुरते. ग्रामप्रिया मात्र हैदराबादच्या कुक्कुट संशोधन संस्थेत अंड्यांसाठीच तयार केलेली जात. आठवड्याला पाच अंडी देणाऱ्या जिवाला आठवड्याला जेमतेम एखादं घालणाऱ्याचा खुराक कसा पुरेल?

मार्चपासून मिसळणं बंद केलं. सकाळी फक्त मॅश, संध्याकाळी खुराड्यात जाताना एक-दीड मूठ मका किंवा कणी सगळ्यांत मिळून. घरचं उरलंसुरलं धरूनही मॅशखेरीज घातलेलं खाणं एकूण खुराकाच्या दहाव्या हिश्श्याच्या वर जाऊ देत नाही. कवचं सुधारायला दोन आठवडे लागले, अंडी पूर्ववत व्हायला महिना.

दुसरा बदल शिंपल्यांचा. तिसऱ्यांचे (खाडीत मिळणाऱ्या, खायच्या) शिंपले धुऊन, वाळवून, भाजून जाडसर कुटते आणि वेगळ्या वाडग्यात ठेवते. कवच बहुतेक रात्री बनतं. संध्याकाळी खाल्लेले जाड तुकडे पोटातल्या चक्कीत सावकाश विरघळत राहतात, म्हणून पीठ करू नका, तुकडेच ठेवा. ज्या कोंबडीला हवं ती खाते, बाकीच्या ढुंकून पाहत नाहीत.

हा वाडगा वेगळा ठेवण्याचं आणखी एक कारण आहे. अंड्यावर न आलेल्या तलंगांना किंवा पिल्लांना लेअर मॅश घालू नये. तेवढ्या कॅल्शियमने त्यांची मूत्रपिंडं खराब होतात. पिल्लांना स्टार्टर, मग वाढत्या वयात ग्रोअर खाद्य, आणि पहिलं अंडं दिसल्यावरच लेअर. लहान-मोठ्या एकत्र असतील तर सगळ्यांना ग्रोअर आणि बाजूला शिंपले. दुकानदाराने मला तलंगांसाठीही लेअरच द्यायचा प्रयत्न केला होता, तेव्हा पोत्यावरची चिठ्ठी स्वतः वाचा. प्रथिनं, कॅल्शियम आणि तयार केल्याची तारीख नसेल तर पोतं घेऊ नका. कुक्कुट खाद्याचं भारतीय मानक आयएस 1374 आहे, त्याचा उल्लेख असेल तर उत्तम.

अझोल्याबद्दल फार ऐकलं होतं. कोंबड्या तुटून पडतात हे खरं, पण ताज्या अझोल्यात नव्वद टक्क्यांहून जास्त पाणीच असतं. हिरवा पाला म्हणून छान, मॅशला पर्याय म्हणून नाही. आमच्या पावसात अझोल्याचा खड्डा वाहूनही जातो. त्यापेक्षा शेवग्याचा पाला बरा, फांदी तोडून टांगली की काम झालं. बलक गर्द पिवळा होतो, गिऱ्हाइकं खूश होतात. सुका जवळा बिनमिठाचा मिळाला तर पिसं झडण्याच्या दिवसांत थोडासा देते, कारण पिसं बहुतेक प्रथिनांचीच. एकदा जास्त घातला तर अंड्यांना मासळीचा वास आला.

मे महिन्यात उकाड्याने खाणं कमी झालं आणि कवचं पुन्हा जरा पातळ झाली. तेव्हा मॅश पहाटे आणि उन्हं उतरल्यावर घातलं, सावलीत पाण्याची दोन भांडी जास्त ठेवली.

जूनमधली चूक मात्र महागात पडली. पोतं पडवीत जमिनीवरच राहिलं, तळाला ओल धरली, ढेकळं झाली आणि कुबट वास येऊ लागला. शेजारच्या काकी म्हणाल्या, उन्हात टाक आणि घाल. मी घातलं नाही. बुरशीचं विष उन्हाने जात नाही. 1960 साली इंग्लंडमध्ये बुरशी आलेल्या शेंगदाणा पेंडीने एक लाखाहून जास्त टर्की मेल्या, त्यातूनच अफ्लाटॉक्सिनचा शोध लागला. पंधरा किलो मॅश खड्ड्यात पुरलं. आता पोतं फळीवर, भिंतीपासून दूर ठेवते आणि पावसाळ्यात एका वेळी एकच आणते.

खर्च सांगायचा तर आमच्याकडे मॅश किलोला 36 रुपये पडतं. परसात उकरून खात असल्याने तेरा जणींना रोज सव्वा किलो पुरतं, म्हणजे 45 रुपये. गावठींचं धरून सात-आठ अंडी मिळतात, दहा रुपयाला एक जातं. कणीच्या दिवसांत खर्च निम्मा होता, पण अंडीही निम्मी आणि त्यातली काही फुटकी.

सासूबाई आता संध्याकाळी प्रत्येकीच्या गळ्याखालची पिशवी चाचपून मगच खुराड्याचं दार लावतात. काल एकीची रिकामी लागली, म्हणून आज तिला वेगळं ठेवून खायला घातलंय.