सोलापुरातून ऑनलाइन नोकरी शोधताना: पुणे-हैदराबाद की थेट परदेश?

नोकरीच्या ॲपवर ठिकाण म्हणून 'सोलापूर' टाकलं की तेच ते समोर येतं. फायनान्स कंपनीची वसुली, विमा एजंट, टेलिकॉलर, डिलिव्हरी. त्याच मोबाइलवर दुबई, कतार, जर्मनीच्या जाहिराती येतात, आणि त्यातले आकडे बघून मन तिकडं ओढ घेतं. म्हणून दोन्ही वाटा शेजारी-शेजारी ठेवून बघू. माझं मत आधीच सांगतो: ज्याच्याकडं निदान दोन वर्षांचा, कागदावर दाखवता येईल असा अनुभव नाही, त्यानं आधी पुण्या-हैदराबादकडं बघावं. परदेशाची तयारी मात्र आजपासून करावी, कारण ती तयारीच वर्ष-दीड वर्ष खाते.

इथली नोकरी

सोलापूरच्या स्वतःच्या नोकऱ्या पोर्टलवर फारशा येतच नाहीत. अक्कलकोट रोड आणि चिंचोळी एमआयडीसीतले टॉवेल-चादरीचे कारखाने, युनिफॉर्म शिवणारी गारमेंट युनिट, शहरातली हॉस्पिटलं इथं सुपरवायझर, अकाउंटंट, नर्स ही माणसं बहुतेक ओळखीतून किंवा व्हॉट्सॲप ग्रुपवरून घेतली जातात. त्यामुळं गावातच राहायचं असेल तर दिवसभर ॲप चाळण्यापेक्षा 'महास्वयम्' या राज्य सरकारच्या रोजगार पोर्टलवर नाव नोंदवून रोजगार मेळाव्यांवर लक्ष ठेवा आणि दोन-चार कारखान्यांत बायोडाटा हातानं देऊन या.

पोर्टल खरं कामाला येतं ते पुण्यासाठी. तिथंही नुसतं 'पुणे' टाकू नका. चाकण, रांजणगाव, तळेगाव, हिंजवडी असं नेमकं शोधा. पदवीधरांसाठी 'नौकरी' आणि 'लिंक्डइन', सेल्स-ऑफिसच्या कामांसाठी 'अपना', आणि फुकट सरकारी पर्याय म्हणून केंद्राची 'राष्ट्रीय करिअर सेवा'. पत्ता सोलापूरचा दिसला की काही एचआरवाले अर्ज सोडून पुढं सरकतात. म्हणून प्रोफाइलच्या पहिल्याच ओळीत लिहा: 'पुण्यात राहायला तयार, आठ दिवसांत रुजू होऊ शकतो.' प्रोफाइल आठवड्यातून एकदा तरी उघडून काहीतरी सुधारा, म्हणजे ते जुनं पडत नाही.

सोलापूरच्या पूर्व भागातल्या घरांत तेलुगू बोलली जाते. तिथल्या मुलामुलींनी हैदराबाद वगळून शोधू नये. भाषा येते, गाडी थेट आहे, आणि ग्राहकांशी बोलायच्या कामात मराठी, हिंदी, तेलुगू या तिन्ही येणारा माणूस चटकन उचलला जातो. ही ताकद बायोडाट्यात लिहिलेलीच नसते, याचं मला फार वाईट वाटतं.

इथल्या शोधाचा सगळ्यात मोठा फायदा म्हणजे खरं-खोटं पायानं तपासता येतं. सकाळी हुतात्मा एक्स्प्रेस पकडली तर दुपारी कंपनीच्या गेटवर उभं राहता येतं. शिफ्ट सुटताना बाहेर येणाऱ्यांना विचारा: पगार किती तारखेला होतो, पीएफ कापतात का, आणि भरती कंपनी रोलवर आहे की ठेकेदाराकडून. पीएफ सुरू झाल्यावर पासबुक ऑनलाइन बघता येतं, आणि पुढं कुठंही अनुभव सिद्ध करायला तीच नोंद कामाला येते. रजिस्ट्रेशन फी, युनिफॉर्मचं डिपॉझिट, लॅपटॉपची सुरक्षा रक्कम असं काहीही कुणी मागितलं तर तिथंच फोन ठेवा.

बाहेरची नोकरी

इथं गेटवर जाऊन विचारायची सोय नाही, म्हणून सगळी भिस्त कागदावर. १९८३ च्या उत्प्रवास कायद्यानुसार परदेशी नोकरीला माणसं पाठवणाऱ्या एजंटाची परराष्ट्र मंत्रालयाकडं नोंदणी असावीच लागते. नोंदणी नसलेला माणूस कितीही ओळखीचा असला, पाहुण्यातला असला, तरी तो या कामासाठी बेकायदाच.

तपासायला दहा मिनिटं पुरतात. 'ई-मायग्रेट' या सरकारी पोर्टलवर एजंटांची यादी आहे. एजंटाचा परवाना क्रमांक मागून घ्या. तो बहुधा 'बी' अक्षरानं सुरू होतो. नाव आणि क्रमांक टाकून तीन गोष्टी बघा. परवाना आज चालू आहे का, की मुदत संपलेली किंवा निलंबित आहे. पोर्टलवरचा पत्ता आणि तुम्हाला बोलावलेला पत्ता एकच आहे का. आणि पोर्टलवरचा फोन नंबर स्वतः लावून विचारायचं की अमुक जाहिरात तुमचीच का. शेवटची पायरी कुणी करत नाही, आणि नेमकं तिथंच फसतात, कारण खऱ्या एजंटाचं नाव आणि क्रमांक चोरून खोट्या जाहिराती छापल्या जातात. लॉजच्या खोलीत मुलाखत आणि 'मूळ पासपोर्ट जमा करा' असा निरोप आला तर जाऊच नका.

एजंटाला कामगाराकडून जास्तीत जास्त ₹३०,००० आणि त्यावर जीएसटी घेता येतो, तोही पावती देऊन. अमिरातीच्या कायद्यात तर भरतीचा खर्च कामगारावर टाकायलाच मालकाला बंदी आहे. दहावी न झालेल्यांचा पासपोर्ट साधारणपणे ईसीआर, म्हणजे उत्प्रवास तपासणी लागणारा असतो. आखातासह १८ देशांत नोकरीला जाताना त्यांना उत्प्रवास परवानगी लागते आणि प्रवासी भारतीय विमाही काढावा लागतो. त्यात अपघाती मृत्यू किंवा कायमच्या अपंगत्वासाठी ₹१० लाखांचं संरक्षण आहे आणि हप्ता दोन वर्षांना फक्त ₹२७५. नर्स असाल तर दहावी झाली असली तरी या देशांसाठी परवानगी लागतेच.

व्हिजिट व्हिसावर 'आधी जा, तिथं कन्व्हर्ट करू' हे ऐकलं की नाही म्हणा. त्या व्हिसावर काम करणं बेकायदा आहे, आणि पकडलं तर दंड तुम्हाला. थायलंडमध्ये डेटा एन्ट्री किंवा डिजिटल मार्केटिंगसाठी भरघोस पगार, अशा जाहिरातींतून गेलेल्या भारतीय तरुणांना म्यानमार-कंबोडियातल्या सायबर फसवणुकीच्या अड्ड्यांवर डांबून ठेवल्याची प्रकरणं २०२२ पासून समोर आली आहेत. परराष्ट्र मंत्रालयानं त्याबद्दल सावधही केलं आहे. टायपिंग येणाऱ्या, पदवी झालेल्या मुलांनाच यात ओढतात.

हातात काय उरतं

आकडे समजुतीपुरते धरा. चाकणला हातात ₹१७,००० येतात. कॉट बेसिस आणि मेस मिळून ₹७,५००, बाकी किरकोळ ₹१,५००. उरले ₹८,०००. दुबईत १,२०० दिरहॅम, खोली आणि गाडी कंपनीची, मेस आणि फोनला ४५०. उरले ७५०, दिरहॅम ₹२४ धरला तर ₹१८,०००. सव्वादोन पट.

आता एजंटानं दीड लाख घेतला आणि तो महिना शेकडा तीन व्याजानं उचलला असेल, तर पहिल्या महिन्याचं व्याजच ₹४,५०० होतं. दर महिन्याचे सगळे ₹१८,००० त्यातच घातले तरी कर्ज फिटायला दहा महिने लागतात. दोन वर्षांच्या करारातले दहा महिने. हेच कायदेशीर फीमध्ये गेलात तर मेडिकल आणि कागदपत्रं धरूनही तीन महिन्यांत मोकळे. म्हणून परदेश फायद्याचा की तोट्याचा हे पगारावरून ठरवू नका. जाण्यासाठी किती दिलं त्यावरून ठरवा. ऑफरमध्ये बेसिक किती आणि भत्ते किती हेही वेगळं लिहून घ्या, कारण अमिरातीत शेवटची ग्रॅच्युइटी बेसिकवर मोजतात.

जर्मनी, जपान

यांची गोष्ट वेगळी, कारण इथं भाषेवाचून पान हलत नाही. जपानच्या 'विशिष्ट कुशल कामगार' व्हिसासाठी एन४ पातळीची जपानी किंवा तिच्या तोडीची परीक्षा आणि कामाची कौशल्य चाचणी लागते. पहिल्या प्रकारात साधारण पाच वर्षं राहता येतं आणि बायको-मुलांना नेता येत नाही. घरात हे आधी बोलून घ्या. जर्मनीत नर्सला आपल्या शिक्षणाची मान्यता आणि साधारण बी२ पातळीपर्यंत जर्मन भाषा लागते. तिथला 'ऑपॉर्च्युनिटी कार्ड' हा नोकरी शोधायचा व्हिसा जून २०२४ पासून आहे, पण वर्षभराच्या खर्चाची रक्कम दाखवावी लागते, म्हणजे दहा लाखांच्या वर. जर्मन सरकारची 'मेक इट इन जर्मनी' ही साइट आधी वाचा, मग सल्लागाराकडं जायचं की नाही ते ठरवा.

मग कुणी काय करावं

आयटीआय फिटर-वेल्डर: चाकणला दोन वर्षं, पीएफच्या नोंदीसह, मग आखात. जीएनएम किंवा बीएस्सी नर्सिंग झालेल्या मुलींनी सोलापुरात नोकरी करत-करत जर्मन सुरू करावं. मला यांचा भाव सगळ्यात चांगला वाटतो. बी.कॉम.वाल्यांनी टॅली, जीएसटीचं काम पक्कं करून पुणे किंवा हैदराबाद धरावं, आणि परदेशी ऑफिस जॉबची जाहिरात दिसली तर दुप्पट सावध राहावं. इंजिनिअरनं दोन्हीकडं एकदम अर्ज टाकायला हरकत नाही.

पैसे गेलेच तर लाजून गप्प बसू नका, लगेच १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर कळवा. तास उलटतील तशी रक्कम अडवायची शक्यता कमी होते. परदेशी नोकरीच्या शंकेसाठी परराष्ट्र मंत्रालयाचा १८००-११-३०९० हा फुकट क्रमांक आहे. निघायच्या आधी करार, व्हिसा, पासपोर्ट आणि विम्याची एकेक झेरॉक्स घरी ठेवा, आणि ती कुठं ठेवली आहे हे आईलाही सांगून जा.