बाटलीतल्या बिअरला फसफस नाही: ऊब द्यावी, साखर घालावी, यीस्ट घालावं की सिलिंडर लावावा?

घरी केलेली बिअर बाटलीत भरताना थोडी साखर घालतात; आतलं यीस्ट, म्हणजे आंबवणारी सूक्ष्म बुरशी, ती साखर खाऊन वायू करतं आणि फसफस येते. थंडीत भरलेली बाटली उघडली आणि वायूचा आवाजच आला नाही, तर बहुतेकांचा हात आधी साखरेच्या डब्याकडे जातो. चार उपायांपैकी साखर हा सर्वांत धोक्याचा आहे आणि तो मागे घेता येत नाही, म्हणून त्याची पाळी पहिली नसावी. नाशिकमध्ये तर नाहीच. डिसेंबर-जानेवारीत शहरातली रात्र १० अंशांच्या आसपास उतरते आणि निफाडकडे पारा एक आकडी होतो. तळमजल्यावरच्या खोलीत, गार फरशीवर ठेवलेल्या बाटल्यांतलं एल यीस्ट (एल म्हणजे उबेत आंबवलेली बिअर) अशा वेळी मेलेलं नसतं, नुसतं गारठलेलं असतं.

(महाराष्ट्र दारूबंदी कायदा, १९४९ नुसार परवान्याशिवाय मद्य तयार करता येत नाही आणि बिअरही त्यात येते. ती बाजू आधी पूर्ण करावी.)

आधी दोष कुठे आहे ते पाहा

बाटली किमान २४ तास फ्रिजमध्ये राहिलेली हवी. फ्रीझरमध्ये अर्धा तास ठेवून उघडली तर वरच्या मोकळ्या जागेतला वायू बिअरमध्ये विरघळलेलाच नसतो. तो झाकणासरशी निघून जातो आणि बिअर उगाच मिळमिळीत वाटते. फेस आणि वायू यांतही गल्लत होते. ग्लासला तेलकटपणा किंवा भांड्याच्या साबणाचा अंश राहिला असेल तर वायू पुरेसा असूनही फेस टिकत नाही. जिभेला टोचतंय का ते पाहा, डोळ्यांवर जाऊ नका.

मग क्रेटच्या वेगवेगळ्या कोपऱ्यांतल्या तीन बाटल्या उघडा. एक जोरात फसफसली आणि दोन गप्प राहिल्या, तर भरताना घातलेला साखरेचा पाक नीट मिसळला नव्हता किंवा काही झाकणं गळताहेत. तिन्ही सारख्याच गप्प असतील तर हायड्रोमीटर, म्हणजे द्रवाची घनता मोजणारी तरंगती काचनळी, काढा. बिअर दोन पेल्यांत पुन्हा पुन्हा ओतून सगळा वायू घालवा, ती २० अंशांवर येऊ द्या आणि वाचन घ्या. बाटलीत भरण्याआधीच्या, म्हणजे साखर घालण्यापूर्वीच्या वाचनाशी ते ताडून पाहा. लिटरला ७ ग्रॅम साखर हायड्रोमीटरवर साधारण ०.००२५ ते ०.००३ इतकी दिसते. वाचन तेवढं वर असेल तर साखर तशीच पडून आहे आणि यीस्टने काम केलेलं नाही. वाचन जुन्या आकड्यावर परत आलं असेल तर साखर संपली आहे. म्हणजे एकतर ती मुळात कमी पडली किंवा वायू निसटला.

गळती ओळखायला बाटली कोमट पाण्यात उलटी धरा. झाकणाच्या कडेने बुडबुडे आले की गळती नक्की. पिळून उघडायच्या बाटल्यांवर क्राउन झाकण (ओपनरने उघडायचं पत्र्याचं झाकण) नीट बसत नाही. चापाच्या झाकणाचं रबर कडक झालं असेल तर तेही वायू सोडतं. गळतीवर पुढच्या चारांपैकी एकही उपाय एकटा चालणार नाही. आधी झाकण बदला.

ऊब

वाचन वर आहे आणि बाटल्या भरून महिना-दीड महिनाच झाला आहे, तर हा उपाय. बाटल्या फरशीवरून उचलून लाकडी कपाटात किंवा थर्माकोलच्या पेटीत ठेवा. सोबत गरम पाण्याची एक बाटली सकाळ-संध्याकाळ बदलत राहा. आतलं तापमान २० ते २५ अंश राहायला हवं. दर तीन दिवसांनी बाटली हळूच उलटी-सुलटी करा, तळाशी बसलेलं यीस्ट पुन्हा वर येतं. साधी ५ टक्क्यांची बिअर दोन-तीन आठवड्यांत तयार होते, ८ टक्क्यांच्या वरची असेल तर दीड-दोन महिनेही लागतात. गच्चीवरच्या उन्हात मात्र ठेवू नका. हिरव्या किंवा पांढऱ्या काचेतून येणारं ऊन हॉप्समधले (बिअरला कडवटपणा देणाऱ्या फुलांमधले) घटक बिघडवतं आणि बिअरला उग्र वास येतो.

यात खर्च नाही, बाटली उघडायची नाही, हवा आत जात नाही आणि काच फुटण्याचा धोका ठरलेल्या साखरेपलीकडे वाढत नाही. म्हणून शंका असेल तेव्हा आधी हाच उपाय करावा.

यीस्ट

तीन आठवडे ऊब देऊनही वाचन हललं नाही, तर यीस्ट खरंच थकलं आहे. बिअर महिनोन्‌महिने थंड साठवली असेल, फार कडक असेल किंवा गाळून भरली असेल, तर असं होतं. अशा बाटलीत आणखी साखर घालणं ही सर्वांत घातक चूक. पुढे उन्हाळ्यात उरलंसुरलं यीस्ट जागं झालं की दोन्ही वेळची साखर एकदम आंबते.

साधारण २० लिटरला, म्हणजे ६५० मिलिलिटरच्या ३० बाटल्यांना, २ ग्रॅम कोरडं यीस्ट पुरतं. उकळून ३० ते ३५ अंशांवर आणलेल्या २० मिलिलिटर पाण्यात ते १५ मिनिटं भिजवा, मग उकळून गार केलेलं पाणी घालून एकूण ६० मिलिलिटर करा. निर्जंतुक सिरिंजने दर बाटलीत २ मिलिलिटर सोडा. यीस्ट लगेच खाली बसतं, त्यामुळे प्रत्येक वेळी भरण्याआधी ढवळा, नाहीतर पहिल्या बाटल्या कोरड्या आणि शेवटच्या गढूळ होतील. लगेच नवीन झाकण लावा आणि वर सांगितलेली ऊब द्या.

कडक बिअरला ईसी-१११८ हे वाइनचं यीस्ट चांगलं. ते १८ टक्क्यांपर्यंत अल्कोहोल सोसतं आणि तळाला घट्ट बसतं. पावाचं यीस्ट वायू करतं, पण तळाशी सैल राहतं आणि चवीत उतरतं. एवढे कष्ट घेऊन तयार केलेल्या बिअरमध्ये ते घालू नये.

साखर

साखर घालायची ती फक्त वाचन पूर्ण खाली आलेलं असेल आणि झाकणं पक्की असतील तेव्हाच.

हिशोब असा: लिटरला ४ ग्रॅम साखर आंबली की साधारण एक व्हॉल्यूम वायू होतो, म्हणजे एक लिटर बिअरमध्ये एक लिटर वायू. सर्वसाधारण एलला २.५ व्हॉल्यूम पुरतात. २५ अंशांला आंबवलेल्या बिअरमध्ये सुमारे ०.७५ आधीच असतो. उरलेल्या १.७५ साठी लिटरला ७ ग्रॅम, २० लिटरला १४० ग्रॅम, ६५० ची एक बाटली धरली तर साडेचार ग्रॅम. डेक्स्ट्रोज (ग्लुकोजची पूड) वापरत असाल तर साधारण १५ टक्के जास्त घ्या. गुळातली साखर आणि ओल दर ढेपेला वेगळी असते, हिशोबाला तो सोयीचा नाही.

कमी साखरेचं एक कारण वारंवार दिसतं. बिअर स्वच्छ व्हावी म्हणून ती भरण्याआधी फ्रिजमध्ये ४ अंशांला ठेवतात आणि हिशोबातही तेच ४ अंश धरतात. मग तापमानावरून विरघळलेला वायू सांगणारं कोष्टक म्हणतं, आत दीड व्हॉल्यूम वायू आहे, लिटरला ४ ग्रॅम साखर बास. पण आंबणं संपल्यावर बिअर जिथवर गरम झाली होती तिथेच तो वायू उडून गेलेला असतो. नंतर गार केल्याने तो परत येत नाही. हाती येतात जेमतेम पावणेदोन व्हॉल्यूम. अशा बाटलीला लिटरमागे ३ ग्रॅम, म्हणजे ६५० मिलिलिटरला २ ग्रॅम साखर वाढवली की आकडा बरोबर अडीचवर येतो.

कोरडी साखर टाकू नका. थोडा जरी वायू असेल तरी दाण्यांवर तो उसळतो आणि बिअर हातभर बाहेर येते. २०० ग्रॅम साखर पाण्यात उकळून पाक एकूण ४०० मिलिलिटर करा. गार झाल्यावर त्याच्या ४ मिलिलिटरमध्ये २ ग्रॅम साखर असते. बाटल्या आधी चांगल्या थंड करा, सिरिंजने पाक सोडा, लगेच झाकण लावा आणि पुन्हा २० ते २५ अंशांत ठेवा.

अंदाजाने मूठभर घालणाऱ्यांनी एक फरक लक्षात ठेवावा. नाशिकच्या वायनरींत पारंपरिक पद्धतीने स्पार्कलिंग वाइन होते, तेव्हा बाटलीतल्या दुसऱ्या आंबवणीसाठी लिटरला साधारण २४ ग्रॅम साखर लागते आणि दाब सहा वातावरणांपर्यंत जातो. त्या बाटल्यांची काच मुद्दाम जाड असते. भंगारवाल्याकडून आणलेली, चरे पडलेली बिअरची बाटली त्या दाबासाठी नाही. ज्या खेपेत पाक असमान मिसळला होता, तिच्यात साखर वाढवूच नका. ज्या बाटल्यांत आधीच जास्त गेली आहे त्या बाहेरून ओळखता येत नाहीत. ती क्रेट गोणपाटाने झाकून ठेवा, हाताळताना चष्मा आणि जाड हातमोजे घाला.

सिलिंडर

इथे सिलिंडरमधला वायू दाबाने थेट बिअरमध्ये चढवायचा. वायूवर सर्वांत अचूक ताबा इथे मिळतो आणि यीस्ट जिवंत आहे की नाही याने काही अडत नाही. १९ लिटरचा केग (बिअरचं दाब सोसणारं धातूचं पिंप), रेग्युलेटर, खाद्यदर्जाचा कार्बन डायऑक्साइड. ४ अंशांला १२ पीएसआय, म्हणजे सुमारे ०.८ बार दाब, आणि आठवडाभर धीर. २० लिटरमध्ये १.७५ व्हॉल्यूम चढवायला जेमतेम ७० ग्रॅम वायू लागतो, तेव्हा मोठा सिलिंडर घेण्याचं कारण नाही. तो उभाच ठेवा आणि खोली हवेशीर असू द्या.

पण आधीच बाटल्यांत असलेली बिअर केगमध्ये ओतायला आमचा विरोध आहे. तीस बाटल्या ओतताना प्रत्येक वेळी हवा मिसळते आणि काही आठवड्यांत ओल्या पुठ्ठ्यासारखी चव येते. यीस्टच्या उपायात बाटली काही सेकंदच उघडी राहते, आतली बिअर हलत नाही. ओतायचंच असेल तर केग आधी वायूने भरून घ्या, नळी तळापर्यंत सोडा आणि ती बिअर महिन्याभरात संपवा. चार-पाचच बाटल्या असतील तर केगऐवजी सोड्याची दोन लिटरची पेट (प्लास्टिकची) बाटली आणि कार्बोनेशन कॅप, म्हणजे वायूची नळी जोडता येणारं झाकण, पुरते. बिअर अगदी थंड करा, बाटली दाबून हवा काढा, ३० पीएसआय देऊन मिनिटभर हलवा.

पेट बाटली पुढच्या खेपेला आणखी एका कामाची आहे. काचेच्या बाटल्यांसोबत अर्ध्या लिटरची एक पेट बाटली भरा आणि त्याच कपाटात ठेवा. बोटांनी दाबून ती दगडासारखी लागली की काचेतलीही तयार होत आली. आठवडाभराने दाबून मऊच लागली, तर एकही झाकण न उघडता पेटीतलं गरम पाणी बदलायला सुरुवात करा.