सात सीटच्या गाडीत सात माणसे बसवताना

जुळे सोलापुरातील आमच्या घरी गेल्या चौदा महिन्यांपासून सात आसनी कौटुंबिक गाडी आहे आणि आतापर्यंत ती सुमारे एकोणीस हजार किलोमीटर चालली आहे. गाडीचे आणि कंपनीचे नाव मी मुद्दाम देत नाही, कारण येथे लिहिलेले बहुतेक गुणदोष याच आकाराच्या इतर गाड्यांनाही कमीअधिक प्रमाणात लागू पडतात. इंजिन आणि मायलेज यांविषयी इतरत्र पुष्कळ लिहिले जाते. शोरूममध्ये मात्र सीट कशा सरकवायच्या, कोणी कुठे बसायचे आणि चढण्याचा क्रम कोणता, हे कोणी सांगत नाही. आमच्याकडे विक्रेत्याने एका लिव्हरने मधली सीट झटक्यात पुढे उलटवून दाखवली, सर्वांनी कौतुक केले आणि प्रात्यक्षिक संपले. तेव्हा गाडीत एकही माणूस नव्हता, हे घरी आल्यावर लक्षात आले.

आम्ही सात जण आहोत: मी, यजमान, सासू-सासरे, अकरा वर्षांचा मुलगा, तीन वर्षांची मुलगी आणि सणावाराला येणाऱ्या नणंदबाई. मधली रांग साठ-चाळीस अशी विभागलेली आहे. डावीकडे एकट्या माणसाची सीट, तर मधली आणि उजवीकडची जागा मिळून दुसरा भाग. हे दोन्ही भाग स्वतंत्रपणे मागेपुढे सरकतात आणि त्यांच्या पाठी वेगवेगळ्या कोनांत कलतात. माझ्या मते या गाडीची खरी किंमत या मधल्या रांगेतच आहे, आणि ती वसूल करायची तर प्रवासापूर्वी पाच मिनिटे विचार करावा लागतो.

पहिल्या प्रवासात, म्हणजे अक्कलकोटला जाताना, आम्ही मुलीची खुर्ची, म्हणजे लहान मुलांसाठीचे सुरक्षा आसन, डावीकडे बसवली. तेथून तिच्याकडे लक्ष ठेवणे सोपे जाईल, असे आम्हाला वाटले होते. खुर्ची आयसोफिक्सच्या, म्हणजे अशा खुर्च्यांसाठी गाडीच्या सीटमध्येच बसवलेल्या, दोन कड्यांत अडकते आणि तिचा वरचा पट्टा सीटच्या पाठीमागील हुकात घट्ट करावा लागतो. एकदा ती अशी जखडली की ती सीट पुढे उलटवता येत नाही. तिसऱ्या रांगेत जाण्याची वाट नेमकी त्याच सीटवरून होती. उजवीकडचा भाग उलटवता येतो, पण तो रुंद आणि जड आहे, आणि त्या बाजूचे दार वाहत्या रस्त्यावर उघडते. सात रस्ता चौकाजवळ गाडी उभी करून नणंदबाईंना त्या दाराने उतरवताना मागून आलेल्या रिक्षाने जो हॉर्न वाजवला, तो अजून आठवतो. त्या दिवसापासून मुलीची खुर्ची चालकाच्या मागे, उजवीकडे असते आणि डावी सीट, म्हणजे पदपथाच्या बाजूची वाट, मोकळी राहते.

यातून बसण्याची एक घडी आपोआप तयार झाली. मुलीचे पाय आखूड असल्याने उजवा भाग तीन-चार खाचा पुढे घेतला तरी तिचे काही बिघडत नाही, आणि तिच्या मागे, तिसऱ्या रांगेच्या उजव्या बाजूला, नणंदबाईंना गुडघे टेकवायला जागा मिळते. खुर्चीचा मागे ताणलेला पट्टा त्यांच्या समोर येतो, एवढी तक्रार मात्र राहते. डावीकडे सासूबाई बसतात. त्यांच्या गुडघ्यांचा त्रास लक्षात घेऊन ती सीट पूर्ण मागे सरकवलेली असते, त्यामुळे त्यांच्या मागे मुलालाच बसावे लागते. मी किंवा यजमान, जो गाडी चालवत नसेल तो, मधोमध मुलीच्या खुर्चीला खेटून बसतो. ही जागा माहितीपत्रकात पूर्ण सीट म्हणून मोजली जाते; प्रत्यक्षात पुण्यापर्यंतच्या सुमारे अडीचशे किलोमीटरमध्ये माझ्यासारख्या सडपातळ व्यक्तीलाही तेथे एक खांदा पुढे काढून बसावे लागते.

चढण्याचा क्रमही ठरलेला आहे. आधी मुलगा आणि नणंदबाई मागे जातात, मग डावी सीट पूर्ववत होते आणि शेवटी सासूबाई बसतात. येथे एक सूचना करावीशी वाटते: सीट परत बसवल्यावर तिची पाठ हाताने जोरात ओढून पाहावी. कुलूप लागल्याचा आवाज आला, तरी एखादे वेळी पट्ट्याचे बक्कल किंवा ओढणीचे टोक कडीत अडकलेले असते आणि सीट अर्धवट बसते. रुळांची तीच गत आहे. आमच्या रुळात शेंगाचटणी सांडली होती, आणि तेलासह दाण्याचा कूट दातांमध्ये बसल्याने सीट एका खाचेवर अडून राहिली. चटणी व्हॅक्यूमने निघाली नाही. जुन्या टूथब्रशने खरवडून काढावी लागली. तेव्हापासून कडक भाकरी आणि चटणी गाडी थांबल्यावरच उघडतात.

सासूबाईंची चढण्याची रीत मला गाडीच्या कोणत्याही सोयीपेक्षा अधिक उपयोगी वाटली. त्या पाय आधी आत टाकत नाहीत. सीटकडे पाठ करून उभ्या राहतात, "मला आधी टेकू दे, पाय मग घेते," असे म्हणतात, बसतात आणि दोन्ही पाय एकत्र आत वळवतात. सीटची उंची साधारण खुर्चीइतकी असल्यामुळे त्यांना खाली वाकावे लागत नाही, की उंच जीपसारखे वर चढावे लागत नाही. बसकी कार आणि उंच एसयूव्ही या दोन्हींच्या तुलनेत ज्येष्ठांसाठी ही गाडी उजवी ठरते, हे मी निःशंकपणे सांगू शकते. त्या झोपण्यासाठी सीटची पाठ फार कलती करतात, तेव्हा मात्र मी आग्रहाने ती थोडी उभी करते. पाठ जास्त कलली की कमरेचा पट्टा हाडावरून निसटून पोटावर चढतो आणि खांद्याचा पट्टा अंगापासून सुटतो. अशा वेळी जोराचा ब्रेक लागला तर शरीर पट्ट्याखालून पुढे घसरू शकते.

या मांडणीचा मोठा दोष असा, की मागच्या दोघांपैकी कोणालाही उतरायचे असेल, तर सासूबाईंना आधी उतरावे लागते. पुण्याच्या एका प्रवासात मोहोळ येण्यापूर्वीच मुलाला लघवीला जायचे होते. त्यानंतर इंदापुरात आणि पुढे आणखी एकदा, अशा तीन थांब्यांत सासूबाई तिन्ही वेळा निमूटपणे उतरल्या, पण चौथ्यांदा नातवाला त्यांनी स्पष्ट शब्दांत समज दिली. ज्यांच्या घरी दोन ज्येष्ठ आणि दोन लहान मुले आहेत त्यांनी मधल्या रांगेत दोन स्वतंत्र खुर्च्या असलेली सहा आसनी आवृत्ती अवश्य पाहावी, कारण त्यांच्यामधील मोकळ्या वाटेने मुले मागे जाऊ शकतात. आम्ही सातवी जागा हवी म्हणून ती नाकारली. ती जागा वर्षातून आठ-दहा वेळाच वापरली जाते.

तिसऱ्या रांगेविषयी अपेक्षा माफक ठेवाव्यात. मागचा आस आणि सस्पेन्शन यांच्यावरून फरशी न्यावी लागत असल्याने तेथील तळ उंच आणि गादी त्या मानाने खाली असते. परिणामी गुडघे वर येतात आणि मांडीला आधार मिळत नाही. तुळजापूरच्या पाऊण-एक तासात ते जाणवत नाही, पुण्याच्या वाटेवर भिगवणच्या पुढे जाणवू लागते. मुलाला तेथे बसवताना पट्टा नीट बसतो का, हे आम्ही पाहिले. खांद्याचा पट्टा मानेला न घासता खांद्याच्या मध्यावरून जायला हवा आणि कमरेचा पट्टा पोटावर नव्हे, नितंबाच्या हाडावर हवा. त्याला आठवड्याभरापूर्वीपर्यंत उंचीसाठी बूस्टर, म्हणजे सीटवर ठेवायची उंच बैठक, लागत होता. मोटार वाहन कायद्यात २०१९ च्या दुरुस्तीने आलेल्या कलम १९४ब नुसार चौदा वर्षांखालील मूल पट्ट्याविना किंवा बालसुरक्षा आसनाविना नेल्यास एक हजार रुपये दंड आहे. तो कोणी वसूल करो वा न करो, मागे बसले की पट्टा लागत नाही हा आपल्याकडचा समज मुलांच्या मनात रुजू नये.

सोलापूरच्या उन्हाळ्यात मे महिन्यात पारा ४२-४३ अंशांवर जातो, तेव्हा गाडीच्या इतर सर्व सोयी एका बाजूला आणि छतातील एसीच्या झडपा दुसऱ्या बाजूला. या झडपांच्या ब्लोअरचे बटण मधल्या रांगेच्या छतात आहे, हे आम्हाला पहिल्या महिन्यात माहीतच नव्हते. समोरचा एसी पूर्ण चालू असूनही मुलगा मागे घामाने भिजत होता. उभी गाडी तापलेली असेल, तर आधी सर्व काचा उघडून मिनिटभर चालवावे, मग काचा लावून आतलीच हवा फिरवण्याचे बटण दाबावे. असे केल्यास मागची रांग बरीच लवकर थंड होते. पुढच्या दोन सीटना हवेशीर गाद्या आहेत. त्यांत गादीखालील पंखा सच्छिद्र आवरणातून हवा खेळवतो आणि पाठ चिकटत नाही. मला ही सोय आधी चैनीची वाटली होती, ते मत मी मागे घेतले आहे.

याच कारणामुळे सीट कव्हरच्या भरीस पडू नये. शहरातील एका दुकानदाराने जाड रेक्झिनची कव्हर घालण्याचा फार आग्रह केला. त्यामुळे हवेशीर गादीची छिद्रे बंद होतात, हा एक तोटा. दुसरा अधिक गंभीर, कारण पुढच्या सीटच्या बाहेरील कडेला एअरबॅगची खूण आहे, तेथूनच ती फुटून बाहेर येते, आणि त्यावर घट्ट शिवलेले कव्हर तिला अडवू शकते. दुकानदाराला ती खूण दाखवली तेव्हा त्याने "काही होत नाही, मॅडम" एवढेच उत्तर दिले. आम्ही मधल्या आणि मागच्या रांगेवर आपले सोलापुरी टर्किश टॉवेल अंथरतो. घाम शोषतात, धुऊन दोन तासांत वाळतात आणि कधी सांडलवंड झाली तर जीव हळहळत नाही.

चालकाच्या सीटविषयी थोडे सांगायला हवे, कारण मी पाच फूट एक इंच आहे आणि यजमान पाच फूट अकरा इंच. सीटची जागा लक्षात ठेवणारी यंत्रणा आमच्या आवृत्तीत नाही, त्यामुळे दर वेळी सर्व नव्याने जुळवावे लागते. मी क्रम ठरवला आहे. पाठ टेकून बसायचे, क्लच पूर्ण दाबल्यावरही गुडघा किंचित वाकलेला राहील इतके पुढे यायचे, मग उंचीचा लिव्हर, मग पाठीचा कोन, आणि शेवटी स्टिअरिंग. हात सरळ केला असता मनगट स्टिअरिंगच्या वरच्या कडेवर टेकले पाहिजे आणि छाती व स्टिअरिंग यांच्यात पंचवीस सेंटीमीटर तरी अंतर हवे. बुटक्या चालकांना हे दोन्ही साधणे कठीण जाते. मी सीट उंच करून आणि पाठ थोडी कलती करून ते साधते. हेडरेस्टचे वरचे टोक डोक्याच्या वरच्या टोकाशी असावे, मानेशी नव्हे. तिसऱ्या रांगेत कोणी नसेल, तेव्हा तेथील हेडरेस्ट खाली दाबून ठेवते, अन्यथा मागची अर्धी काच त्यांनीच व्यापलेली असते.

दारांबाबत एक खंत आहे. आपल्या पिढीला मिनीव्हॅन म्हटले की मारुती ओम्नी आठवते, आणि तिचे सरकते दार सोलापूरच्या पूर्व भागातील गल्लीतसुद्धा भिंतीला खेटून उघडत असे. आता मारुती ईको सोडली, तर ही सोय किया कार्निव्हलसारख्या आमच्या कुवतीबाहेरील गाड्यांतच राहिली आहे. आमच्या गाडीचे मागचे दार लांब आहे. अरुंद जागेत ते अर्धेच उघडते आणि सासूबाईंना गाडी बाहेर काढेपर्यंत ओट्यावर थांबावे लागते.

सातही सीट वापरात असताना डिकीत जवळजवळ काही मावत नाही, आणि ही या वर्गाचीच मर्यादा आहे. एर्टिगाची जागा तेव्हा २०९ लिटर, कॅरेन्सची २१६ लिटर सांगितली जाते. ट्रायबरमध्ये ती केवळ ८४ लिटर असते, पण मागच्या सीट काढून ठेवता येत असल्याने त्या काढल्यावर ६२५ लिटर होते. आमच्याकडे तिसरी रांग निम्मी-निम्मी दुमडते. पुण्याच्या नातेवाइकांसाठी सहा चादरी नेताना नणंदबाई नव्हत्या, म्हणून उजवी बाजू दुमडली आणि सगळे गठ्ठे तळाशी, सीटच्या पाठीला टेकवून ठेवले.

पूर्ण भार असेल तेव्हा दोन गोष्टी तपासाव्यात. चालकाच्या दाराच्या चौकटीवरील स्टिकरवर पूर्ण भारासाठी मागच्या चाकांत किती हवा हवी ते वेगळे लिहिलेले असते. दुसरे म्हणजे डॅशबोर्डवरील हेडलाइटचा कोन बदलणारे छोटे चाक. मागे वजन पडले की गाडीचे नाक वर होते आणि प्रकाश समोरच्याच्या डोळ्यांत जातो. मोहोळकडून रात्री परतताना समोरचे ट्रकवाले आम्हाला वारंवार डीपर का देतात, हे आम्हाला कळत नव्हते. चाक शून्यावरून दोनवर नेल्यावर ते थांबले.

जॅक आणि पाना तिसऱ्या रांगेमागे डिकीच्या तळाखाली आहेत, आणि जादा चाक गाडीच्या पोटाखाली टांगलेले आहे. ते उतरवण्याचा स्क्रू डिकीतील सामान काढल्याशिवाय हाती लागत नाही. गेल्या रविवारी घरासमोर आम्ही सराव म्हणून ते उतरवून परत लावले. यजमान आणि मुलगा मिळून पस्तीस मिनिटे लागली, आणि गाडीतले सगळे टॉवेल अंगणात पडले होते.