दाजींचे दोन लाख: पतसंस्था, बँक, पोस्ट की वेढणं?

पलूसहून दाजींचा फोन आला. ऊसबिलाचे दोन लाख खात्यावर पडले होते. "पतसंस्थावाले नऊ टक्के देत्यात, बँक साडेसहाच्या वर जाईना. तुमची ताई म्हणती सोनं घ्या. सांगा की, कुठं ठेवू?"

कायद्याप्रमाणं ऊस कारखान्याला गेला की १४ दिवसांत एफआरपी, म्हणजे सरकारनं ठरवलेला उसाचा किमान भाव, हातात यायला पाहिजे. येते कधी, ते ऊसकऱ्याला विचारा. म्हणजे पुढचं बिल पडेपर्यंत लागण, खत, पोरीची जूनमधली फी आणि मधे काही अडलं-नडलं तर तेही, सगळं या दोन लाखांवर. शेअर बाजाराचं नाव मी काढलंच नाही. सहा महिन्यांत लागणारा पैसा तिथं पाठवायचा नसतो.

माझं दुकान सांगलीत मारुती चौकाजवळ. २०१९ च्या ऑगस्टात आयर्विन पुलापाशी कृष्णेचं पाणी ५७ फुटांवर गेलं. धोक्याची पातळी ४५ ची. आम्ही आठ दिवस विश्रामबागला चुलत्यांकडं होतो. गल्ल्यातल्या नोटा नंतर वर्तमानपत्रावर पसरून वाळवल्या, काही इस्त्री फिरवून सरळ केल्या. तेव्हापासून कुठल्याही ठेवीला मी आधी दोन प्रश्न विचारतो: अडल्या दिवशी पैसे किती दिवसांत हातात येतील, आणि देणाऱ्यानं हात वर केले तर कोण देईल? व्याजाचं नंतर.

आता पतसंस्था आणि बँक शेजारी ठेवून बघू. दोन लाखांवर नऊ टक्क्यांनी वर्षाला १८,००० मिळतात, साडेसहानं १३,०००. फरक पाच हजारांचा, महिन्याला ४१७ रुपये. या ४१७ रुपयांसाठी आपण काय सोडतो? ठेवींचा विमा. बँक बुडाली तर माणशी पाच लाखांपर्यंत रक्कम ठेव विमा महामंडळ देतं. ४ फेब्रुवारी २०२० च्या आधी हाच आकडा एक लाख होता. सहकारी बँकांनाही हा विमा आहे, पतसंस्थेला नाही. दोघींच्या पाट्यांवर 'सहकारी' असतं, काउंटर सारखे, आणि कितीतरी लोक पतसंस्थेला सरळ बँकच म्हणतात. घोळ तिथंच होतो.

आमच्या वडिलांचाही झाला. एका पतसंस्थेत त्यांनी ४० हजार ठेवले होते. मुदत संपल्यावर आधी "पुढच्या आठवड्यात या", मग "वसुली सुरू आहे", मग दारालाच कुलूप. वडील गेले, पावती अजून कपाटात आहे. गुलाबी कागद, मागं संस्थेचा गोल शिक्का.

विमा असला म्हणजे लगेच पैसे मिळतात असंही नव्हतं. कराडच्या जनता सहकारी बँकेतून पैसे काढण्यावर २०१७ पासून निर्बंध होते आणि परवाना रद्द झाला २०२० च्या डिसेंबरात. ९९ टक्क्यांहून जास्त ठेवीदारांना विम्यातून पूर्ण रक्कम मिळेल, असं रिझर्व्ह बँकेनं त्या वेळी सांगितलं. पण तोवर तीन वर्षं गेली होती. तीन वर्षांत घरातली लग्नं थांबतात का? २०२१ मध्ये कायदा बदलला. आता असे निर्बंध आले की पाच लाखांपर्यंतची रक्कम ९० दिवसांत द्यायची तरतूद आहे. ९० दिवस उसनवारीवर निघतात, तीन वर्षं निघत नाहीत.

आणखी एक. पाच लाख म्हणजे मुद्दल आणि व्याज धरून, त्या बँकेच्या सगळ्या शाखा मिळून. माधवनगरला तीन आणि मिरजेला तीन ठेवले तरी विमा पाचाचाच. बायकोच्या एकटीच्या नावावरची ठेव मात्र वेगळी मोजतात.

एवढं सांगून कबूल करतो, पिग्मी मी अजूनही पतसंस्थेचीच भरतो. एजंट संध्याकाळी दुकानात येतो, १०० रुपये घेतो, चहा पितो, जातो. बँक माझ्या दारात येत नाही. पण दिवाळीला साठलेली सगळी रक्कम काढून बँकेत टाकतो, तिथं दुसरं वर्ष मुरू देत नाही. ज्यांना पतसंस्थेत ठेवायचंच आहे त्यांनी वार्षिक अहवाल मागून घ्यावा, ऑडिट वर्ग 'अ' आहे का आणि थकबाकी किती ते बघावं. अहवाल द्यायला कुरकुर करतील तर उठून यावं.

बँकेतही दोन लाखांची एकच पावती करू नका. ५० हजारांच्या चार करा. खतासाठी ४० हजार लागले तर एकच मोडायची, उरलेल्या तिघींचं व्याज शाबूत राहतं. मुदतीआधी मोडल्यावर बहुतेक बँका व्याजदरातून अर्धा ते एक टक्का कापतात, तेवढं चालतं. २०२५ मध्ये रिझर्व्ह बँकेनं रेपो दर (ती बँकांना ज्या दरानं कर्ज देते तो) साडेसहावरून सव्वापाचवर आणला, ठेवींचे दर त्यामागोमाग उतरले. दाजींना साडेसहाच्या वर न मिळण्याचं कारण तेच.

पोस्टातल्या पैशाच्या हमीला पाच लाखांचीही मर्यादा नाही, मागं केंद्र सरकार उभं आहे. मासिक उत्पन्न योजनेत ७.४ टक्क्यांनी दोन लाखांवर महिन्याला १,२३३ रुपये येतात, बँकेपेक्षा जास्तच. (२०२३ च्या एप्रिलपासून २०२५ भर हाच दर होता, दर तिमाहीला बघून घ्यावा.) अडचण एवढीच की पहिल्या वर्षात पैसे निघत नाहीत आणि तीन वर्षांच्या आत काढले तर दोन टक्के, म्हणजे ४,००० कापले जातात. आईसारख्या पेन्शनवर जगणाऱ्या माणसाला उत्तम. लागणीचा खर्च डोक्यावर असलेल्याला नाही.

आता ताईचं सोनं. तिचं म्हणणं उडवून लावण्यासारखं नाही. पुरात आईनं घरातून एकच पिशवी उचलली होती, तिच्यात रेशनकार्ड, गोळ्या आणि तिच्या पाटल्या. सोनं भिजून खराब होत नाही, आणि सोनेतारण कर्ज दुपारच्या आत हातात पडतं. विटा-खानापूर-आटपाडीची गलाई मंडळी देशभर सोनं गाळतात. आमच्या जिल्ह्याला सोन्याची भीती कोण घालणार!

पण हिशेब करा. दोन लाखांचा दागिना घेतला, मजुरी १२ टक्के धरली आणि वर तीन टक्के जीएसटी, तर सोनं येतं साधारण १ लाख ७३ हजारांचं. उरलेले साडेसव्वीस हजार दुकानाची पायरी उतरण्याआधीच गेले. वेढणं, म्हणजे बिननक्षीचं साधं सोन्याचं वळं, घेतलं तर मजुरी जवळपास नाही, जीएसटीचे ५,८०० च्या आसपास जातात. बचत म्हणून घ्यायचं तर वेढणंच घ्यावं, हॉलमार्कचा सहा अक्षरी-आकडी क्रमांक बिलाशी ताडून. तरी भाव दोन्हीकडं हलतो. जूनमध्ये फी भरायची आहे आणि नेमका तेव्हाच उतरला तर? सोनेतारणावर नऊ-बारा टक्के व्याज आपणच भरायचं, हेही विसरू नये.

भिशीचं थोडक्यात: ओळखीतल्या दहा जणांची, चिठ्ठीची असेल तर बचतीची सवय लागते. पुराच्या वर्षी आमच्या भिशीतल्या दोघांचे हप्ते थांबले आणि ते बाकीच्यांनी सोसले. बोलीच्या भिशीत घाईचा माणूस स्वतःच्याच पैशावर तोटा घेऊन उठतो.

दाजींना मी सांगितलं: दीड लाख बँकेत, तीन पावत्या, तिन्हींवर ताई वारस. ३० हजार साध्या बचत खात्यात, हात घालता येईल असे. राहिलेल्या २० चं ताईच्या मनासारखं, जेवढं वेढणं येईल तेवढं.

"आणि पतसंस्था? चेअरमन आमच्या भावकीतला हाय. रोज पारावर भेटतोय. त्याला तोंड कसं दाखवू?"

यावर माझ्याकडं व्याजाचा आकडा नव्हता. म्हटलं, मग बचत खात्यातले दहा हजार तिकडं ठेवा, भावकीचा खर्च समजून. ताई मागून ओरडली, "माझ्या वेढण्यातलं काढू नका म्हणावं!"