देणगी, अनुदान की कंत्राट: ओपन सोर्स प्रकल्पाला पैसा कुठून आणायचा?

तुम्ही लिहिलेला ओपन सोर्स, म्हणजे सर्वांना कोड खुला असलेला, प्रकल्प लोक वापरू लागले आहेत. इश्यूंची, म्हणजे वापरणाऱ्यांच्या तक्रारी-मागण्यांची, रांग वाढतेय, नोकरी सांभाळून रात्रीचे दोन तास पुरेनासे झालेत, आणि यातून निदान अर्धा पगार सुटला तर बरं, असं मनात येतंय. अशा वेळी पहिला सल्ला मिळतो तो स्पॉन्सरचं बटण लावण्याचा. बटण जरूर लावा, थोड्याच वेळाचं काम आहे. पण आधी एका प्रश्नाचं उत्तर शोधा. उद्या तुम्ही हात वर केलेत तर नेमकं कोणाचं काम अडेल, आणि ते तुमच्यामुळे अडलंय हे त्याला कळेल का? पैशाचे सगळे मार्ग मी याच प्रश्नावर घासून पाहतो.

देणगीचंच बघा. थंडरबर्ड हा ईमेलचा प्रोग्राम वापरणारा माणूस तो रोज उघडतो, नावाने ओळखतो. देणगीचं आवाहन त्याला प्रोग्राममध्येच दिसतं. 2022 साली थंडरबर्डकडे 64 लाख डॉलरच्या आसपास जमा झाले, आणि ते जवळजवळ सगळे सामान्य वापरकर्त्यांच्या खिशातून. आता दुसरं टोक. असंख्य सर्व्हरांचं एन्क्रिप्शन ज्या ओपनएसएसएल या लायब्ररीवर (इतर प्रोग्रामांमध्ये जोडायच्या तयार कोडवर) चालत होतं, तिला वर्षाला मिळणाऱ्या देणग्या होत्या साधारण 2,000 डॉलर. एप्रिल 2014 मध्ये तिच्यातलं ‘हार्टब्लीड’ हे सुरक्षेचं भगदाड उघडकीला आलं, तेव्हा कुठे मोठ्या कंपन्यांनी लिनक्स फाउंडेशनमार्फत पैसा काढला. जावास्क्रिप्टच्या जगात घरोघरी असलेल्या बेबल या कोड रूपांतरित करणाऱ्या साधनानेही 2021 मध्ये जाहीरपणे सांगितलं की वापरणारे लाखो आहेत, पण पैसे संपत आलेत.

दोन्हीकडचं काम सारखंच मोलाचं आहे. फरक आहे तो दिसण्याचा. लायब्ररी इमारतीच्या पायात असते, वरच्या मजल्यावर राहणाऱ्याला तिचं नावही माहीत नसतं. तुमच्या रिपॉझिटरीपर्यंत, म्हणजे कोडच्या भांडारापर्यंत, येतो तो प्रोग्रामर, आणि त्याच्या कंपनीची तिजोरी काही त्याच्या हातात नसते. इथेच घोडं पेंड खातं. म्हणून लायब्ररी असेल तर देणग्यांवर घर चालवायचा बेत करू नका, दात कोरून पोट भरत नाही. सामान्य माणूस थेट उघडतो असा प्रोग्राम असेल तर मात्र देणगी हा माझ्या मते सर्वात स्वच्छ मार्ग. देणाऱ्यांची संख्या मोठी असल्यामुळे कोणा एकाची मर्जी सांभाळावी लागत नाही.

पैसे घ्यायचे कुठे? 2019 मध्ये सुरू झालेलं गिटहब स्पॉन्सर्स वैयक्तिक खात्यावरून आलेल्या रकमेवर कमिशन घेत नाही. ओपन कलेक्टिव्ह या निधी गोळा करण्याच्या मंचावर ओपन सोर्स कलेक्टिव्ह ही संस्था तुमची यजमान झाली, तर ती 10 टक्के कापून घेते. पण त्या बदल्यात कायदेशीर संस्था, बँक खातं, इन्व्हॉइस आणि सर्वांना दिसणारा जमाखर्च मिळतो. एकटे असाल तर पहिलं पुरे. दोघं-तिघं असाल तर ते 10 टक्के आनंदाने द्या, हिशेबावरून होणारी भांडणं त्याहून महाग पडतात.

लायब्ररीवाल्यांनी देणगीपेक्षा अनुदानाकडे आधी वळावं. एनएलनेट ही डच संस्था 5,000 ते 50,000 युरोंची अनुदानं देते, आणि एकट्या माणसालाही अर्ज करता येतो. जर्मनीत 2022 साली सुरू झालेल्या सॉव्हरिन टेक फंडाने तर कर्लसारख्या पायाभूत सॉफ्टवेअरच्या देखभालीला पैसे दिले, आणि लिनक्सवरच्या ग्नोम या डेस्कटॉपला 10 लाख युरो दिले. देखभालीला पैसे देणारा विरळाच. बाकी बहुतेक अनुदानं नव्या, मोजता येण्याजोग्या कामाला मिळतात. टप्पे ठरवा, टप्पा पूर्ण करा, पैसे घ्या. मग मुदत संपते, बग मात्र येतच राहतात. अर्ज लिहिताना चाचण्या, दस्तऐवज, जुन्या कोडची साफसफाई हेही टप्पे म्हणून घाला. नाहीतर नवी फीचर्स वाढतील आणि ती सांभाळायला वेळ उरणार नाही.

तुमचं सॉफ्टवेअर कंपन्यांच्या पोटात असेल, तर मात्र मदत मागू नका, काहीतरी विका. कंपनीत देणगी मंजूर करून घ्यायला दहा जणांचे पाय धरावे लागतात, तेच सपोर्टचं इन्व्हॉइस एका मॅनेजरच्या सहीने पास होतं. एसक्यूलाइट या डेटाबेस लायब्ररीचा कोड पब्लिक डोमेनमध्ये आहे, कोणीही काहीही करावं. तरीही तिचा गाडा कन्सॉर्टियमच्या सदस्य कंपन्यांच्या वर्गणीवर, सपोर्टच्या करारांवर आणि एन्क्रिप्शनच्या विकत मिळणाऱ्या जोडणीवर नीट चालतो. रेड हॅट ही लिनक्सची कंपनी सबस्क्रिप्शनच्या जोरावर एवढी वाढली की 2019 मध्ये आयबीएमने तिला 34 अब्ज डॉलरला घेतलं. या मार्गाचा धोका एकच, पण मोठा. पैसे देणाऱ्याची निकड आणि प्रकल्पाची गरज नेहमी एक नसते, त्यामुळे करारात तास विका, प्रकल्पाची दिशा विकू नका. एका फीचरसाठी बक्षीस लावण्याची पद्धत मी टाळायला सांगेन. बक्षीस लिहिण्याचं मिळतं, पुढची दहा वर्षं तो कोड सांभाळायचे पैसे कोणी देत नाही.

वापरायला सोपी केलेली प्रत विकणं हाही विकण्याचाच प्रकार. आर्डर या ध्वनिसंपादनाच्या प्रोग्रामचा कोड मोफत आहे, पण तयार बिल्डसाठी, म्हणजे थेट चालवता येणाऱ्या प्रतीसाठी, पैसे मोजावे लागतात. घोस्ट या ब्लॉग-प्रकाशनाच्या प्रोग्रामने 2013 मध्ये किकस्टार्टरवर सुरुवातीचा पैसा उभा केला आणि आता होस्टिंगच्या (ग्राहकांसाठी सर्व्हर चालवून देण्याच्या) उत्पन्नावर त्यामागची ना-नफा संस्था चालते. होस्टिंगचं उत्पन्न चांगलं असतं, पण मध्यरात्री सर्व्हर पडला की उठायचं तुम्हालाच. एकट्या माणसाने तरी त्या वाटेला जाऊ नये.

ओपन कोअरमध्ये गाभा खुला आणि वरची फीचर्स विकत. साइडकिक या रूबी भाषेतल्या लायब्ररीने हे उत्तम निभावलं. पण एखादा सद्भावनेने पुल रिक्वेस्ट (कोडमध्ये घालण्यासाठी सुचवलेला बदल) पाठवतो आणि तेच तुमचं विकाऊ फीचर असतं, तेव्हा नाही म्हणायची तयारी ठेवावी लागते. क्यूटीसारखं दुहेरी लायसन्स (एक खुलं, एक विकत) हवं असेल, तर सगळ्या कोडचे हक्क पहिल्या दिवसापासून एका हाती असायला हवेत. नंतर शेकडो लोकांच्या परवानग्या गोळा करणं जवळजवळ अशक्य.

आणि आधी खुला ठेवलेला कोड पुढे पैशासाठी बंद करणं? इलास्टिकने 2021 मध्ये, हॅशिकॉर्पने ऑगस्ट 2023 मध्ये, रेडिसने मार्च 2024 मध्ये लायसन्स बदललं. उत्तरादाखल ओपनसर्च, ओपनटोफू आणि वाल्की हे फोर्क, म्हणजे जुन्या खुल्या कोडवरून निघालेले वेगळे प्रकल्प, उभे राहिले. इलास्टिक आणि रेडिस पुढे एजीपीएल हे खुलं लायसन्स घेऊन परतले. त्या कंपन्यांपुढे त्यांचाच कोड वापरून सेवा विकणाऱ्या दुसऱ्या कंपन्यांची खरी अडचण होती, हे मान्य. पण लोकांनी ज्या अटीवर आपला कोड दिला, ती अट त्यांना न विचारता फिरवू नये, असं मला मनापासून वाटतं.

एखादी कंपनी तुम्हाला याच कामासाठी नोकरीवर घेत असेल, तर ते सर्वात स्थिर. लिनक्स कर्नलचं बरंचसं काम अशाच पगारी लोकांकडून होतं. फक्त आठवड्यातले किती दिवस प्रकल्पाचे, हे लेखी घ्या, आणि ट्रेडमार्क व रिपॉझिटरी मालकाच्या नावावर जाऊ देऊ नका. गिटसारख्या प्रकल्पांना आसरा देणारी सॉफ्टवेअर फ्रीडम कॉन्झर्व्हन्सी ही ना-नफा संस्था अशासाठीच असते.

पहिली बऱ्यापैकी रक्कम हातात आली की ती कशावर घालवायची, हेही आत्ताच ठरवा. मार्च 2024 मध्ये एक्सझेड या फाइली आकसून लहान करणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये मागचं दार, म्हणजे मुद्दाम घातलेली चोरवाट, सापडलं. थकलेल्या एकट्या मेंटेनरला (प्रकल्प सांभाळणाऱ्याला) मदत करण्याच्या मिषाने कोणीतरी दोनेक वर्षं विश्वास कमावला होता. तुमच्याकडे येणारा पहिला पैसा ओळखीच्या, पारखलेल्या दुसऱ्या माणसाचे आठवड्याचे चार तास विकत घेण्यात घाला, स्वतःचा पगार त्यानंतर.