क्विझलेट लाइव्ह: खेळ उत्तम, पण शब्दसंच जपून बांधा

क्विझलेट म्हणजे शब्द-अर्थांच्या कार्डांवरून सराव करण्याचं ऑनलाइन साधन. त्यातला वर्गासाठी सर्वांत कामाचा भाग म्हणजे ‘लाइव्ह’चा सांघिक खेळ. किमान चार विद्यार्थी हवेत. प्रश्न सगळ्या गटाला एकच, पर्याय मात्र प्रत्येकाच्या स्क्रीनवर वेगळे आणि बरोबर उत्तर एकाकडेच. त्यामुळे मुलांना एकमेकांशी बोलावंच लागतं. चुकलं की गटाचे गुण शून्यावर येतात, म्हणून अंदाजपंचे बटणं दाबणं लवकरच थांबतं. फार विचारपूर्वक केलेली रचना आहे ही.

घोळ होतो तो संचात, म्हणजे खेळासाठी आपण भरलेल्या शब्द-अर्थांच्या यादीत. ‘आळशी’ आणि ‘कामचुकार’ दोन्हींपुढे ‘काम टाळणारा’ असाच अर्थ लिहिला, तर बरोबर उत्तरही चूक ठरतं. अर्थाऐवजी वाक्य द्या: ‘त्याने मूळ प्रश्नाला ___ दिली आणि भलतंच बोलत राहिला.’ इथे ‘बगल’च बसतं. एका तासाला आठ-दहा नवे शब्द पुरेत.

आणखी एक अडचण: ज्याच्याकडे उत्तर आहे त्याचंच नेट अडलं, तर अख्खा गट खोळंबतो.

शिवाय या खेळात शब्द फक्त ओळखायचा असतो, आठवायचा नसतो. म्हणून दुसऱ्या दिवशी तीच वाक्यं फळ्यावर लिहून उत्तरं वहीत लिहून घ्या, आठवड्याने पुन्हा एकदा. अडलेले शब्द पुढच्या संचात टाका.