मेर्त्सेन की फेस्टबिअर?

सप्टेंबर लागला की म्युनिकपासून न्यू जर्सीपर्यंतच्या दुकानांत निळ्या-पांढऱ्या वेष्टनांच्या बाटल्या दिसू लागतात आणि त्यांतील बहुतेकांवर ‘ऑक्टोबरफेस्ट’ हे म्युनिकच्या बिअर-उत्सवाचे नावच ठळकपणे छापलेले असते. ग्राहकाची फसगत तेथेच होते, कारण या एका नावाखाली दोन निरनिराळ्या बिअर विकल्या जातात: तांबूस रंगाची मेर्त्सेन आणि सोनेरी फेस्टबिअर.

मेर्त्सेन हे नाव मार्च महिन्यावरून आले. जर्मनीतील बव्हेरियात 1553च्या फर्मानाने 23 एप्रिल ते 29 सप्टेंबर या काळात बिअर तयार करण्यास मनाई केली, त्यामुळे हंगामाच्या अखेरीस केलेली बिअर थोडी अधिक कडक करून थंड तळघरांत उन्हाळाभर साठवली जाई. आजच्या मेर्त्सेनची घडण मात्र 1841 साली श्पाटेन या मद्यशाळेच्या गाब्रिएल सेडलमायर यांच्या हाताखाली झाली आणि 1872मध्ये तिचा तांबूस अवतार ऑक्टोबरफेस्टच्या मांडवात पोहोचला. फेस्टबिअर त्या मानाने नवी आहे. मोठमोठे पेले रिचवताना मेर्त्सेन पोटाला जड होते, हे ओळखून पाउलानर या म्युनिकच्या मद्यशाळेने 1970च्या दशकात हलक्या अंगाची सोनेरी बिअर पुढे आणली आणि 1990पासून उत्सवात तिचेच राज्य आहे. तांबूस तीच ‘अस्सल’ असा आग्रह धरणाऱ्याला म्युनिकच्या मांडवात एक लिटरच्या पेल्यात सोनेरीच मिळेल, ही त्यातली गंमत.

मद्यांशावरून निवड करता येणार नाही, कारण तो दोहोंत साधारण सहा टक्क्यांच्या आसपासच असतो आणि हॉप्स या वेलीच्या फुलांमुळे येणारा कडवटपणाही जवळपास सारखाच असतो. खरा फरक माल्टचा, म्हणजे मोड आणून वाळवलेल्या धान्याचा आहे. मेर्त्सेनमध्ये म्युनिक आणि व्हिएन्ना या जास्त भाजलेल्या माल्टचा भरणा असतो, म्हणून पेला नाकाशी नेताच पावाच्या खरपूस कडेचा वास येतो. त्या वासामुळे घोटही गोड असेल असे वाटते, परंतु चांगली मेर्त्सेन घशाखाली उतरताना कोरडी होत जाते. जिभेवर साखरेच्या पाकासारखी चव रेंगाळत राहिली, तर माल्टची खोली गोडीने भरून काढली आहे असे खुशाल समजावे. अमेरिकेतील छोट्या मद्यशाळांच्या क्राफ्ट बिअरमध्ये हा दोष मला अनेकदा जाणवला आहे. फेस्टबिअरचा पाया फिकट पिल्सनर माल्टचा असतो. तिला मळलेल्या कणकेसारखा सौम्य वास असतो, मागाहून हॉप्सचा फुलांसारखा गंध येतो आणि पहिल्या घोटाला ती साधीच वाटते. तिचा गुण दुसऱ्या पेल्यात कळतो, आणि तिचा धोकाही तोच आहे, कारण इतक्या सहज उतरणाऱ्या बिअरमध्ये सहा टक्के मद्य आहे हे पिणाऱ्याच्या ध्यानात राहत नाही.

तेव्हा एकच पेला घेऊन सावकाश चव पाहायची असेल आणि ताटात भाजलेले मटण किंवा खमंग थालीपीठ असेल, तर मेर्त्सेन घ्यावी. मंडळी जमून गप्पा लांबणार असतील, सोबत तळलेले बोंबील किंवा कोथिंबीर वडी असेल, तर फेस्टबिअर बरी. दोन्ही सात ते दहा अंशांवर प्याव्यात. बर्फासारख्या गार केल्यास मेर्त्सेनचा वास मुका होतो आणि तिच्यासाठी मोजलेले जादा पैसे वाया जातात.

दुकानात बाटली उचलताना ‘मेर्त्सेन’ हा शब्द शोधावा आणि तारीख पाहावी. जुनी झालेली मेर्त्सेन थोडीबहुत निभावून नेते, पण फेस्टबिअरच्या नाजूक चवीत ओल्या पुठ्ठ्यासारखा वास लगेच डोके वर काढतो. हिरव्या काचेपेक्षा तपकिरी काच चांगली, कारण उजेडाने हॉप्स बिघडून बिअरला उग्र दर्प येतो. पुण्या-मुंबईच्या एखाद्या ब्रूपबमध्ये, म्हणजे स्वतःची बिअर तयार करणाऱ्या मद्यगृहात, ‘ऑक्टोबरफेस्ट स्पेशल’ दिसली, तर ती लागर आहे की एल, हे आधी विचारावे. बिअरचे हे दोन मुख्य प्रकार असून मेर्त्सेन आणि फेस्टबिअर दोन्ही लागर आहेत. लागरला टाकीत थंडाव्यात कित्येक आठवडे मुरावे लागते, तर एल सुमारे दोन आठवड्यांत तयार होते आणि तिच्या यीस्टचा फळांसारखा वास या दोन्ही बिअरमध्ये बसत नाही. उत्तर ‘एल’ असे आले, तर छोटा पेला मागवून पाहावा आणि आवडली तर वेगळी बिअर म्हणून प्यावी.